जीपारनं घेतलेलं नाव

आमच्या खोऱ्यात नवी सून घरात आली की तिला काय काय दिलं याचाच गाजावाजा फार. पांढरा रुमाल दिला, चांदीची कर्णफुलं दिली, गाद्या-रजयांचा छतापर्यंत ढीग दिला. काढून काय घेतलं ते कुणी बोलत नाही. काढून घेतात ते शब्द. सासऱ्याचं नाव, सासूचं नाव, नवऱ्याच्या थोरल्या भावांची, चुलत्यांची, आत्यांची नावं, यातलं एकही सुनेच्या तोंडून निघता कामा नये. आणि आमची नावं म्हणजे तरी काय, रोजच्या वापरातल्या वस्तू! कुणाचं नाव लोखंड, कुणाचं दगड, कुणाचं पिवळा. मग नावाबरोबर ती वस्तूही तोंडातून गेली. बिचाऱ्या पोरी वर्षभर चाचपडत बोलतात आणि म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसतात.

जीपार एसेनची बायको होऊन आली तेव्हा चांगली चुरचुरीत पोरगी होती. पलीकडच्या खोऱ्यातली, दहावी शिकलेली, बोलायला एक नंबर. एसेनच्या थोरल्या भावाचं नाव तेमीरकुल, आणि तेमीर म्हणजे लोखंड. पहिल्याच आठवड्यात घरात पाहुण्या बायका बसलेल्या, चुलीचं लोखंडी दार लालभडक झालेलं, आणि एका पोराचा हात त्याच्याकडे निघाला. जीपार ओरडली, "अरे बाळा, तेमीर तापलाय!"

बायका हसून हसून लोळल्या. तेमीर तापलाय! एका चावट म्हातारीनं विचारलंसुद्धा, "तुला गं कसं कळलं, तापलाय ते?" सासू उल्कान मात्र हसली नाही. तिच्या हातात जीपारनं ओतलेला चहाचा वाडगा होता. ती उठली, दारापाशी गेली, चहा बाहेर बर्फावर ओतला आणि रिकामा वाडगा आणून पालथा ठेवला. तो सगळा हिवाळा तिनं सुनेच्या हातचा चहा घेतला नाही. ना शिवी, ना मारहाण. जीपार रोज चहा ओतायची, सासू रोज दुसरीकडे बघायची. पोरीचा सगळा चुरचुरीतपणा त्या एका हिवाळ्यात गेला.

मग तिनं शहाण्या सुनेसारखे आपले शब्द तयार केले. लोखंडाला ती "जड" म्हणायला लागली. जडाची कढई, जडाचा खिळा. आणि थोरल्या दिराला "लोहारदादा". लोखंडाचा धनी तो लोहार, झालं की नाही बरोबर? तेमीरकुलनं जन्मात घण उचलला नव्हता, पण नाव त्याला आवडलं. "आमची सून मोठी हुशार," असं तो मेजवान्यांत सांगायचा. गावात एक खराखुरा लोहारही होता, शारशेन नावाचा. पण तो नात्यातला नाही, म्हणून जीपार त्याला सरळ शारशेन म्हणायची. गावातल्या एकूण एक बाईला हे ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. एकूण एक बाईला.

शारशेन हा घरजावई. आमच्याकडे घरजावई म्हणजे काय ते विचारू नका, तुमच्याकडे असतं तेच. बातमा नावाच्या आमच्याच गावच्या पोरीशी लग्न करून तो सासऱ्याच्या परसात भट्टी टाकून राहिला. त्याचं कूळ तीन खिंडी पलीकडं. इथं त्याच्या बाजूनं उभं राहणारं कुणी नाही. मेजवानीत त्याला मानाची मांडी किंवा मणका कधी मिळाला नाही, दाराजवळच्या माणसाला देतात ते बारीकसारीक हाडूक मिळायचं. तो ते हसत चोखायचा. कमी बोलणारा, जरा बहिरा, घण मारून मारून कान गेलेला.

सरकारी सामुदायिक शेती मोडली आणि जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हापासून खोऱ्यात पाण्यावरून डोकी फुटायला लागली. ट्रॅक्टर तेमीरकुलच्या अंगणात कसे आले हे कुणी विचारलं नाही. जमीनही त्याची मोठी, आणि पाणी त्याला सगळ्यांच्या आधी लागायचं. पाटकरी होता मुकाश, सरळ माणूस. पाण्याची बारी ज्याची त्याला, मग तू कुणीही अस.

त्या उन्हाळ्यात एका पहाटे जीपारची बारी होती. ती विलोच्या झुडपांमागं बटाट्याच्या सऱ्यांत पाणी वळवत बसली होती. पाटावर आवाज चढले म्हणून तिनं फांदी बाजूला केली. तेमीरकुल आणि मुकाश समोरासमोर उभे होते.

"बारी संपली, दादा. आता पाणी खाली सोडतोय," मुकाश म्हणाला.

"माझ्या रानात पाणी आहे तोवर बारी माझीच."

"कागदावर तसं नाही."

"कागद तुझ्या बापाला वाचून दाखव!"

तेमीरकुलनं फावडं आडवं घातलं, एकदाच. मुकाश पाटात पडला आणि पाणी त्याच्यावरून वाहायला लागलं. तेमीरकुलनं त्याला ओढून काठावर टाकलं, फावडं तिथंच फेकलं, आणि वळताना त्याची नजर विलोच्या झुडपांवर पडली. जीपारला त्यानं पाहिलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं नाही, डोळे वटारले नाहीत. टोपी सारखी केली आणि घराकडे चालू लागला.

मुकाश शुद्धीवर न येताच दवाखान्यात गेला. म्हणजे मेला.

शहरातून तपास अधिकारी आला. वयानं कोवळा, आमच्याच रक्ताचा, पण शहरात वाढलेला. आमची भाषा तो रशियन शब्दांच्या कुबड्या घेऊन बोलायचा. गावकचेरीत भिंतीलगत पांढऱ्या दाढीवाले बसले, एका कोपऱ्यात बायका. त्या पहाटे कुणाकुणाच्या बाऱ्या होत्या ते त्यानं विचारलं, आणि जीपारला पुढं बोलावलं.

"ताई, तुम्ही पाटावर होता?"

"होते."

"कुणाला पाहिलं?"

आदल्या दिवशी जीपारनं मुकाशच्या बायकोला मातीत लोळताना पाहिलं होतं, आणि तिचं ठरलं होतं. काय व्हायचं ते होवो, सांगायचंच. कोपऱ्यातून थोरली जाऊ, तेमीरकुलची बायको बुरुल तिच्याकडे बघत होती. सासू उल्कान बघत होती. सगळं गाव बघत होतं. तरी जीपारनं मान वर केली आणि स्पष्ट सांगितलं, "लोहारदादानं मारलं. माझ्या डोळ्यांदेखत."

केवढी हिंमत ती! तिच्या जागी दुसरी कुणी असती तर डोकं दुखतंय म्हणून घरी बसली असती. जीपारच्या हिशेबी तिनं भर कचेरीत दिराचं नाव घेतलं होतं. याहून जास्त उघड बोलता येतं हे तिला माहीतच नव्हतं.

अधिकाऱ्यानं विचारलं, "लोहार? इथं लोहार कोण आहे?"

पांढऱ्या दाढीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या सगळ्यात जाणत्यानं घसा साफ केला. पाचवेळचा नमाजी माणूस बरं का, तंटे सोडवायला लोक ज्याच्याकडे जातात तो. "आमच्या गावात लोहार एकच आहे साहेब," तो म्हणाला. "शारशेन. घरजावई आहे."

एक शब्द खोटा नव्हता त्यात.

जीपारला वाटलं, ते भलतंच काही बोलताहेत, आता कुणीतरी दुरुस्त करील. ती बाहेर आली, आणि जीप वळून भट्टीपाशी थांबली तेव्हा तिला कळलं. फावडं शारशेनच्या भट्टीत घडलेलं होतं. गावातलं कुठलं फावडं नव्हतं? दोन दिवसांपूर्वी पाण्यावरून त्याची मुकाशशी बाचाबाची झाली होती. गावात कुणाची झाली नव्हती? शारशेनला नीट ऐकू आलं नाही, त्याला वाटलं जीपचं काहीतरी मोडलंय. तो हात पुसत बाहेर आला. त्याला बसवलं तेव्हा त्यानं गर्दीत जीपारला पाहिलं आणि विचारलं, "ताई, मी?"

जीप निघाली आणि जीपार घराकडे पळत सुटली.

घरी येऊन ती नवऱ्यावर कोसळली. "अहो, काहीतरी करा. मी त्याला म्हटलंच नव्हतं. मी तुमच्या..."

एसेन खोगीर शिवत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "तू नाव घेतलंस?"

"नाही."

"मग झालं तर. तू खोटं बोलली नाहीस, आम्ही खोटं बोललो नाही. साहेबाला आपली भाषा कळत नाही, त्याला आपण काय करणार?"

"आणि शारशेन?"

"त्याचं कूळ बघून घेईल."

"त्याचं इथं आहे कोण?"

"तेच तर," एसेन म्हणाला आणि त्यानं दोरा दातानं तोडला. वाईट माणूस नव्हता तो. थोरल्या भावासमोर तो आयुष्यात कधी बसून बोलला नव्हता, एवढंच.

आठवड्यानं तेमीरकुलकडे मेंढा कापला. का कापला ते कुणी विचारलं नाही. बायकांच्या घोळक्यात पानं वाढली गेली तेव्हा बुरुलनं आपल्या हातानं जीपारपुढं मांडीचं हाड ठेवलं. धाकट्या सुनेला मांडी! कधी नाही ते.

"खा जाऊबाई," बुरुल कुजबुजली. "तुझ्या जिभेनं आमचं घर वाचवलं."

"मला नको."

"लाज वाटू दे गं जरा. सगळ्या बघताहेत."

सगळ्या खरंच बघत होत्या. जीपारनं ते मांस खाल्लं. तिनं हाड साफ करून ठेवलं, कारण अर्धं हाड टाकणं हा यजमानाचा अपमान. या एका लाजेवर आमचं सगळं गाव चालतं. आमच्याकडे पोलीस नसले तरी कुणी वडिलांपुढं मोठ्यानं शिंकणार नाही, आणि त्याच लाजेपोटी एका बहिऱ्या माणसाला आम्ही जीपमध्ये बसवून दिलं. चोरीची लाज नाही, खुनाची नाही. चार माणसांत वेगळं दिसायची लाज!

ठाण्यात काही दिवस ठेवल्यावर शारशेननं सही केली. कशी केली ते विचारायचं नसतं.

खटला हिवाळ्यात उभा राहिला. तोवर जीपारनं रोज सराव केला. हो, सराव! सकाळी गोठ्यात गाईच्या कुशीला डोकं टेकवून ती ते नाव उच्चारायचा प्रयत्न करायची. "ते" पर्यंत यायची आणि जीभ तिथंच थांबायची. तिथं ऐकायला गाईशिवाय कुणी नव्हतं. स्वतःवरच चिडून ती कपाळ बडवून घ्यायची. शेवटी एके सकाळी ते पुरतं बाहेर पडलं, तेमीरकुल. गाय नुसती रवंथ करत राहिली. जीपार मात्र तिथंच शेणात बसून रडली. तिला वाटलं, जमलं. आता शारशेन सुटला.

तालुक्याच्या कोर्टात गाव बसगाड्या भरून आलं होतं. पिंजऱ्यात शारशेन. इतका वाळलेला की बातमानंही त्याला आधी ओळखलं नाही. न्यायाधीश उतारवयाचे होते, आमच्याच बाजूचे. त्यांच्या घरातल्या सुना काय बोलतात नि काय बोलत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"साक्षीदार बाई, पाटकऱ्याला मारणारा माणूस इथं आहे का?"

"आहे. पण पिंजऱ्यात नाही."

गलका झाला. न्यायाधीशांनी हात वर केला. "तुम्ही जबानीत लोहार म्हणालात."

"लोहार नाही म्हटलं मी. लोहारदादा म्हटलं. शारशेनला मी कधी दादा म्हणत नाही. विचारा यांना!" तिनं बायकांच्या बाकांकडे हात केला. "ते माझ्या घरातल्या थोरल्यांना म्हणते मी. माझ्या थोरल्या जावेच्या मालकांना."

न्यायाधीश खाली बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी हळू आवाजात म्हटलं, "असं चालत नाही, बाई. इथं माणसाला नाव असतं. नाव घ्या."

पहिल्याच बाकावर तेमीरकुल बसला होता, पांढऱ्या लोकरी नमद्याची उंच टोपी गुडघ्यावर ठेवून. चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नाही. घरच्या सुनेवर आणि तिच्या वळणावर पुरता विश्वास. उलट मायेनं म्हणतो कसा, "घे की सूनबाई. बोल. मी ऐकतोय."

जीपारनं डोळे मिटले. गोठा आठवला, गाय आठवली. मग डोळे उघडून, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "तेमीरकुल. तेमीरकुलनं मारलं."

आणि जणू तिनं भर कोर्टात अंगावरचे कपडे काढले! बुरुलनं "अगं बया!" म्हणून स्वतःचे दोन्ही गाल ओरबाडले. म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. एसेन उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर चालता झाला. तेमीरकुलचा चेहरा पहिल्यांदा उतरला, पण क्षणभरच. मग त्यानं दुःखी माणसासारखी मान हलवली. बघा, काय दिवस आले माझ्यावर.

न्यायाधीशांनी बायकांना एकेक करून उभं केलं. "ही बाई लोहारदादा कुणाला म्हणते?"

"लोहाराला," बुरुल म्हणाली.

"लोहारालाच," दुसरी म्हणाली. तिसरी, चौथी, तेच. त्यांतली एक बातमाची सख्खी भावजय होती. आपल्या नणंदेच्या नवऱ्याकडे पाठ करून तीही तेच म्हणाली.

शेवटी सासू उल्कान काठी टेकत पुढं आली. तिची पाठ धरली तेव्हापासून जीपार तिला न्हाऊ घालत होती, हातानं भरवत होती.

"साहेब," ती म्हणाली, "हिची जीभ पहिल्यापासून सैल. आली त्याच आठवड्यात हिनं माझ्या लेकाचं नाव घेतलं होतं. चूल तापलीय म्हणून. तेव्हाच ओळखलं मी हिला."

सरकारी वकिलाला फारसं बोलावंच लागलं नाही. तो एवढंच म्हणाला, "जी सून थोरल्या दिराच्या तोंडावर त्याचं नाव घेऊ शकते, ती आणखी काय करू शकणार नाही? खोटं बोलणं त्यापुढं काय मोठं?" सगळ्या बाकांवर माना डोलल्या. न्यायाधीशांचीही मान हलली. कायद्यानं नसेल हलली, सवयीनं हलली असेल. पण हलली. जीपारनं ती पाहिली आणि तिथंच तिला कळून चुकलं. नाव घेतलं नाही तर तिचं बोलणं पुरतं होत नव्हतं, आणि घेतलं तर ते खरं ठरत नव्हतं. तिच्यासारख्या बाईनं खरं सांगायला या जगात वाटच ठेवलेली नव्हती.

शारशेनला शिक्षा झाली. तो दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगात खोकून खोकून मेला. त्याचं प्रेत न्यायला त्याच्या कुळातले दोन म्हातारे तीन खिंडी ओलांडून आले, आणि आमच्या गावात चहाला न थांबता परत गेले. बातमानं भट्टी विकायला काढली, पण कुणी घेतली नाही. एकदा पाणवठ्यावर ती जीपारच्या समोर आली. जीपारला वाटलं, ही आता थुंकेल नाहीतर गळ्यात पडेल. बातमानं बादली भरली आणि शांतपणे विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही घेतलंस गं? तेव्हा साहेबानं मानलं असतं."

जीपार रात्रंदिवस तोच प्रश्न स्वतःला विचारत होती.

घरात तिला कुणी मारलं नाही, हाकललं नाही. एसेन तिच्याशी भाकरी, गवत, मेंढरं एवढंच बोलायचा. मेजवानीला बोलावणं यायचं, कारण न बोलावणं बरं दिसत नाही. तिथं तिला दाराजवळ, कालच्या पोरींच्याही खाली बसवायचे. तेमीरकुल मात्र पिकत गेला. दाढी पांढरी झाली, आणि तंटे सोडवायला लोक आता त्याच्याकडे जायला लागले.

मग जीपारच्या मुलाचं, एर्मेकचं लग्न झालं. सून आली मीरीम. गोड पोरगी, मऊ हातांची. जीपारला कितीतरी वर्षांनी थोडं बरं वाटलं. हिला मी कशाला म्हणून अडवणार नाही, हवं ते बोलू देईन, असं तिनं मनात धरलं होतं. पण सुनेला शिकवायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे बुरुलचा. बुरुल मीरीमला आतल्या खोलीत घेऊन बसली. जीपार बाहेर कणीक मळत होती, मधे पडदाच काय तो.

"हे नाव नाही घ्यायचं," बुरुल सांगत होती. "हेही नाही. तुझ्या थोरल्या सासऱ्यांचं तर चुकूनही नाही. लोखंडाला जड म्हणायचं, ध्यानात ठेव."

"आणि सासूबाईंचं?" मीरीमनं विचारलं.

बुरुल सहज म्हणाली, "तिचं घेतलंस तरी चालतं गं. तिचं काही नाही."

त्या घरात आल्यापासून जीपारला कुणी नावानं हाक मारली नव्हती. सूनबाई म्हणत, एर्मेकची आई म्हणत, रागावले तर काहीच म्हणत नसत. नावानं हाक मारणारी एक तिची आई होती, आणि तिला जाऊनही किती वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहुणे होते. मीरीमला मोठी परात सापडेना. ती दारात आली आणि जसं शिकवलं होतं तसं, अगदी भोळेपणानं, सगळ्यांसमोर हाक मारली, "जीपार, ए जीपार!"

पाहुण्यांपैकी कुणी चमकून वर पाहिलं नाही. जीपारला आधी कळलंच नाही कुणाला बोलावताहेत. मग तिनं हात पुसले, आणि ती म्हणाली, "आले."